ओसरीवरचा समुद्र

व्यंकटराव पेशकारांच्या घराण्यात कुणी कधी मासा खाल्ला नव्हता, आणि व्यंकटरावांनी तर तो धड पाहिलाही नव्हता. कयाधूच्या काठानं जाताना भोई जाळं ओढताना दिसले, की ते उपरण्याचं टोक नाकाला लावून दुसरीकडे बघत. अशा माणसावर, पन्नाशी उलटल्यावर, स्वतःच्या ओसरीच्या भिंतीवर मासे रंगवून घ्यायची पाळी यावी, याला दैवगती म्हणतात. हिंगोलीकर याला दुसरं काहीतरी म्हणत. पण तोंडावर म्हणत नसत, कारण पेशकाराशी तहसिलीत आज ना उद्या काम पडतंच.

पाळी आली ती मिठापायी.

त्यांचा एकुलता एक मुलगा रामकिशन लढाईच्या सुरुवातीला कुणाचं न ऐकता पलटणीत कारकून म्हणून भरती झाला, बोटीत बसला आणि कुठल्याशा बेटावर उतरला. बेटाचं नाव कळवायला मनाई होती. मग एक दिवस सरकारी कागद आला, की तो बेपत्ता आहे. पुढे लढाई संपली, परत यायचे ते आले, आणि रामकिशनबद्दल सरकार जे गप्प बसलं ते बसलंच. मेला म्हणावं तर पुरावा नाही, जिवंत म्हणावं तर माणूस नाही. व्यंकटरावांची सगळी हयात सरकारी नोकरीत गेलेली. सरकार जिथं काही म्हणत नाही तिथं आपण काय म्हणायचं, हे त्यांना कधीच ठरवता आलं नाही.

त्यांच्या बायकोनं, मंजुळाबाईंनी, ते चटकन ठरवलं. बेपत्ता हा शब्द घरात आला त्याच दिवशी त्यांनी मीठ सोडलं. "किशन आला की त्याच्या पानाशेजारी बसून खाईन," असं देवापुढे बोलून मोकळ्या झाल्या. सुरुवातीला गल्लीनं कौतुक केलं, मग कीव केली, मग गल्लीला सवय झाली. शरीराला मात्र झाली नाही. अळणी भाकरी, अळणी वरण, अळणी भाजी. बाई उठताना भिंत धरू लागल्या, विहिरीवर चक्कर येऊन पडल्या. शेवटी वैद्य नाडी धरून म्हणाले, "व्यंकटराव, मीठ पोटात गेलंच पाह्यजे. न्हाई तर…" आणि पुढचं वाक्य त्यांनी तोंडातल्या विड्याबरोबर गिळून टाकलं.

इंग्रज गेले तो हा पावसाळा. पैनगंगेच्या पलीकडे झेंडे लागले होते. अलीकडे निजामाचं राज्य, त्यामुळे हिंगोलीला नुसता चिखल होता.

त्या संध्याकाळी व्यंकटराव बायकोपुढे अक्षरशः हात जोडून बसले. "अगं, चिमूटभर तरी घे. किशन आल्यावर मी त्याला काय सांगू? तुझी माय मिठावाचून गेली म्हणून?"

मंजुळाबाई म्हणाल्या, "मी जन्मात कयाधूबिगर पाणी पाह्यलं न्हाई. त्येनं येवढं लिहिलं, पण माझं लेकरू कसल्या पाण्यात उभं हाय ते माझ्या डोळ्यांपुढं येतच न्हाई. तुमी मला एकडाव दाखवा. दिसलं, की मीठ घेते."

त्यानं लिहिलं होतं खरं. पत्रं तपासणाऱ्या साहेबाला गाव, बोट, बंदूक, हवा, कशाचंही नाव चालत नसे. सगळ्यावर काळी शाई फिरे. माशांवर मात्र त्याचा राग नव्हता. म्हणून रामकिशननं शेवटच्या पत्रात निव्वळ मासेच लिहिले. मंजुळाबाईंना अक्षरओळख नव्हती, पण व्यंकटरावांकडून इतक्यांदा वाचून घेतल्यावर ते पत्र त्यांना आरतीसारखं पाठ झालं होतं. ओहोटीला गुडघाभर पाणी राहतं आणि तळ लख्ख दिसतो. इथले दगड जिवंत आहेत, आई. पोवळं म्हणतात ते हेच, झाडासारखं वाढतं. पोपटाच्या चोचीचा हिरवा मासा ते दगड कुरतडून खातो आणि पाण्यात कान बुडवला की कुरकुर ऐकू येते. एक शेंदरी मासा आहे, अंगावर पांढरे पट्टे. तो एका फुलासारख्या प्राण्याच्या बोटांत राहतो. ती बोटं बाकी सगळ्यांना डसतात, त्याला डसत नाहीत. निळी चांदणी आहे पाच बोटांची. आठ हातांचं एक जनावर आहे, ते बघता बघता रंग पालटतं. एक मासा घाबरला की फुगतो आणि धोत्र्याच्या बोंडासारखा काट्याकाट्यांचा होतो. परातीएवढा शिंपला आहे, त्यात पाय पडला तर सुटत नाही, पण तू काळजी करू नकोस, मी बघून चालतो.

व्यंकटरावांनी विचार केला: एक भिंत, थोडा रंग, आठवडाभराचं काम. सरकारी माणूस एरवी कुठल्याही कामाला वर्ष धरतो. घरच्या कामाला मात्र त्याला आठवडा पुरेसा वाटतो.

अजीज रंगारी टांग्यांच्या पाठीवर मोर आणि लग्नाच्या ट्रंकांवर गुलाब काढायचा. भला माणूस. त्यानं सगळं पत्र मंजुळाबाईंच्या तोंडून मान खाली घालून ऐकलं आणि विचारलं, "पेशकारसाब, पाण्यात दोन मोर चालतील काय? मोर माझा चांगला येतो."

"मोर न्हाई. मासे."

"मासा मी खाल्ला हाय साब, पण सालनमधला. तुकडे तुकडे. अख्खा कसा असतो ते बघावं लागंल."

तोवर गल्लीला वास लागला होता. शेजारच्या सखुबाई आल्या आणि माशांची तोंडं घराच्या आत ठेवा, बाहेर ठेवली तर लक्ष्मी पोहून जाते, असं सांगून गेल्या. संतराम सोनार आला. त्याला माशांशी कर्तव्य नव्हतं, पण पोवळ्याचे डोंगर ऐकून त्याची झोप उडाली होती. एवढं पोवळं नुसतं पायाखाली तुडवतात आणि पोराला चार खडे खिशात टाकायचं सुचलं नाही, याचं त्याला मनापासून वाईट वाटलं. शेवटी नागोभट आले, घरचे उपाध्याय. ते म्हणाले, मत्स्यावतार काढणार असाल तर काढा, डोक्यावर मुकुट द्या. नुसते मासे ब्राह्मणाच्या भिंतीवर चालायचे नाहीत. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आन खरं सांगू का व्यंकटराव? भिंती काहून रंगवून राह्यले? पळसाच्या पानांचा पुतळा करून त्येला अग्नी द्या. शास्त्रात सोय हाय. पोरगं मोकळं होईल, तुमीबी मोकळे."

माजघरातून मंजुळाबाईंचा आवाज आला, "भटजी, तुमच्या चपला ओसरीखाली हायत. दिसत नसतील तर मी येऊन दावते."

अख्ख्या माशाचा प्रश्न तसाच राहिला. नोकराला पाठवावं तर तो गावभर बोंब करेल, म्हणून व्यंकटराव दिवस उगवायच्या आत स्वतःच नदीवर गेले. भोयानं पेशकारसाहेबांना ओळखलं, दोनदा डोळे चोळले आणि एक जिवंत मरळ काढून दिला. ठेवायचा कशात? व्यंकटरावांनी घरून तांब्याची कळशी आणली होती. तिच्यात मासा, वर पाणी, वर उपरणं, आणि चेहऱ्यावर नदीवरून पूजेचं पाणी नेणाऱ्या माणसाचा भाव, अशा थाटात ते निघाले. वाटेत नागोभट भेटले, स्नान करून, ओल्या पंचानं, तोंडानं काहीतरी पुटपुटत.

"वा! आज कळशी घेऊन? कशाचं अनुष्ठान?"

व्यंकटरावांना आयुष्यात खोटं बोलायची सवय फक्त कचेरीतली, आणि ती लेखी. तोंडी खोटं जुळवेपर्यंत मरळानं उपरण्यासकट उडी मारली आणि तो नागोभटांच्या पायांवर पडून तडफडू लागला. मरळ पाण्याबाहेर किती वेळ जगतो याचा व्यंकटरावांना अंदाज नव्हता. त्या दिवशी तो आला. गुडघ्यांवर रांगत, धोतराचा काचा सुटलेला, ते दोन्ही हातांनी त्याला धरत राहिले आणि तो निसटत राहिला. नागोभट शेजारी उभे राहून शिव शिव करत होते, पण पाय मागे घेत नव्हते. मग ते परत नदीवर गेले, दुसरं स्नान करायला.

दुपारपर्यंत गावात झालं की पेशकार मासे खातात. संध्याकाळपर्यंत झालं की पूर्वीपासूनच खातात. आणि पितृपक्ष तोंडावर. पितरांच्या पानाला व्यंकटरावांसारखा स्वच्छ, नेमस्त ब्राह्मण हिंगोलीत दुसरा नाही अशी ख्याती होती. त्या साली त्यांना एकाही घरचं आमंत्रण आलं नाही. ते ओसरीत पाटावर बसून येणाऱ्याजाणाऱ्याकडे बघत आणि कुणी बघितलं की पंचांग उघडत. अपमान पचायला जड गेला, पण सांगायचा कुणाला? ज्या बायकोसाठी हे चाललं होतं तिला उठून बसायचंही बळ नव्हतं.

भिंत मात्र भरत होती. अजीजनं मरळ नीट पाहून घेतला होता, त्यामुळे समुद्रातला प्रत्येक मासा हा मुळात मरळ होता. पोपटमासा म्हणजे चोच लावलेला मरळ. फुगणारा मासा म्हणजे धोत्र्याचं बोंड गिळून पस्तावलेला मरळ. पोवळ्याची झाडं बाभळीसारखी आली. शिंपल्यासाठी त्यानं खरोखरची परात भिंतीला लावून भोवती कोळसा फिरवला. आठ हातांच्या जनावरापाशी तो अडला आणि दोन दिवसांनी त्यानं जे काढलं त्याचे हात इतके गोंडस, डौलदार आले की सखुबाईंनी येऊन त्यावर हळदकुंकू वाहिलं. अष्टभुजा देवी पाण्यातून प्रकटली, ही बातमी औंढ्याच्या वाटेवर गेली. मंगळवारी बायका ओट्या घेऊन आल्या. व्यंकटराव दारात उभं राहून सांगत होते, "बाई, देवी न्हाई, जनावर हाय ते, पाण्यातलं," आणि बायका कानांवर हात ठेवून त्यांच्या पापाबद्दल देवीची क्षमा मागत होत्या.

मंजुळाबाईंना रोज दुपारी दोघी बायकांनी धरून ओसरीत आणून बसवायचं. त्या बघत. "चांदणी अजून निळी पाह्यजे," एवढंच म्हणत. मीठ काही घेत नव्हत्या. "पुरं होऊ द्या," म्हणत.

पुरं व्हायच्या बेतात होतं तेव्हा पोलिसांचे अमीनसाहेब घोड्यावरून गल्लीतून गेले, आणि परत आले. ते खाली उतरले आणि शेंदरी माशापुढे कमरेवर हात ठेवून उभे राहिले. शेंदरी मासा, अंगावर पांढरे पट्टे, खाली फुलाची हिरवीगार बोटं.

"पेशकारसाब, ये क्या है?"

"मासा हाय हुजूर. मछली."

"केसरी. सफेद. हरा." अमीनसाहेबांनी छडीनं वरून खाली एकेक रंग मोजला. "ऐसी मछली होती है?"

त्या दिवसांत निजामाच्या मुलखात असा झेंडा घरात सापडला तर माणूस तुरुंगात जात होता, आणि इथं तो सरकारी नोकराच्या ओसरीवर, माणसाएवढा, शिवाय शेपटी हलवत. दुसऱ्या दिवशी तहसीलदारसाहेबांनी जवाब मागवला: असा मासा अस्तित्वात आहे काय? असल्यास पाहिला कुणी? पाहणारा हजर करावा.

व्यंकटरावांनी आयुष्यभर दुसऱ्यांचे जवाब लिहून दिले होते. या एका जवाबापुढे त्यांचा टाक थांबला. पाहणारा हजर करावा. एवढंच तर ते इतकी वर्षं मनातल्या मनात सरकारला सांगत होते.

मार्ग अजीजनं काढला. "साब, चिट्टीमधी मासा शेंदरी हाय, पट्टे सफेद हायत, हे बराबर. पण फुलाचा रंग कुठं लिवलाय? हिरवा मी दिला. पिवळा करू." हळदीच्या बाजारपेठेत पिवळ्या रंगाला काय तोटा? सकाळी फूल हिरवं होतं, दुपारी पिवळंधमक झालं. अमीनसाहेब येऊन बघून गेले आणि खूश झाले, कारण पिवळा रंग निजामाच्या निशाणाचा. तिसऱ्या दिवशी सकाळी व्यंकटराव दार उघडतात तो शेंदरी मासा, फूल, अर्धी अष्टभुजा, सगळं शेणानं माखलेलं. गावातल्या झेंडेवाल्या तरुणांनाही निजामाच्या निशाणाचा रंग ओळखता येत होता. वर कोळशानं लिहिलं होतं: निजामाचा कुत्रा.

व्यंकटरावांनी बादली घेतली आणि मंजुळाबाई उठायच्या आत भिंत धुवायला घेतली. शेण निघालं, त्याबरोबर निळ्या चांदणीचं एक बोटही निघालं. धुता धुता त्यांना रडू आलं. निजामानं त्यांना झेंडेवाला ठरवलं, झेंडेवाल्यांनी निजामाचा ठरवलं, ब्राह्मणांनी मासेखाऊ ठरवलं. आणि ते तर एका आजारी बाईला चिमूटभर मीठ खाऊ घालायला निघाले होते. त्याच आठवड्यात तहसीलदारसाहेबांनी त्यांना तब्येत सांभाळायला म्हणून घरी बसवलं. तब्येत उत्तम होती.

अजीजनं फूल जांभळं केलं. जांभळा झेंडा निदान तेव्हा तरी कुणाचा नव्हता. त्यानं चांदणीला पाचवं बोट परत दिलं, पाण्यावर शेवटचा हात फिरवला आणि तो बाजूला झाला.

"अम्मा, झालं."

मंजुळाबाई भिंतीपुढे बसल्या. त्या एका टोकापासून बघत निघाल्या. प्रत्येक जनावरापाशी थांबून ओठांतल्या ओठांत पत्रातलं वाक्य म्हणत होत्या. व्यंकटरावांनी स्वयंपाकघरात पान वाढून ठेवलं होतं, भात, वरण, आणि पानाच्या डाव्या कोपऱ्यात मीठ. आतबाहेर करताना ते दर खेपेला तो कोपरा बघून येत होते.

"दिसलं," मंजुळाबाई म्हणाल्या. "समदं दिसलं. पण किशन कुठं हाय यात?"

कुणाला सुचलंच नव्हतं. व्यंकटराव अजीजकडे बघू लागले.

"अम्मा, मानसाचं चित्र मी काढत न्हाई," अजीज म्हणाला. "आमच्यात चालत न्हाई. पण तुमच्यासाठी काढतो. हितं मधी जागा हाय, गुडघाभर पाण्यात उभा करतो. मी त्येला पाह्यलं न्हाई, तुमी सांगा तसा काढतो. किती वर्साचा काढू?"

"ईस वर्साचा," व्यंकटराव घाईनं म्हणाले. "जाताना होता तसा."

"तसा काहून?" मंजुळाबाई त्यांच्यावर खेकसल्या. इतक्या दिवसांत त्यांच्या आवाजाला एवढी धार नव्हती. "आता तो सत्तावीस-अठ्ठाविसाचा असंल का न्हाई? आता हाय तसा काढ, अजीज."

"हौ अम्मा. मिशा हायत?"

"मिशा… आल्या असतील."

"जाड का बारीक?"

"उन्हातान्हात हाय तो. वाळला असंल. न्हाई तर भरला असंल." त्यांनी डोळे मिटले. "थांब, सांगते."

अजीज कोळसा धरून थांबला. मंजुळाबाईंनी डोळे घट्ट मिटले होते आणि त्यांचे हात हवेत काहीतरी चाचपत होते, खांदे असावेत. व्यंकटरावांना वाटलं चक्कर आली, ते पुढे झाले. मंजुळाबाईंनी त्यांना हातानंच थांबवलं.

"येतच न्हाई," त्या म्हणाल्या. "जाताना होता तसाच येतो. तोच सदरा. मी मोठा करू पाहते, मिशा लावू पाहते, तो होतच न्हाई मोठा." त्यांनी डोळे उघडले आणि नवऱ्याकडे बघितलं. "सखुबाईच्या परमुलखात गेलेल्या पोराला मी चार वर्सं पाह्यलं न्हाई, तरी तो कसा दिसत असंल ते सांगता येतंय मला. जित्या मानसाचं वय वाढतंच हो. आपल्या डोळ्यांत सुदिक वाढतं."

अजीजनं कोळसा खाली ठेवला.

"मला पानावर न्या," मंजुळाबाई म्हणाल्या.

व्यंकटरावांनी त्यांना धरून आत नेलं, पाटावर बसवलं. मंजुळाबाईंनी वरण घालून भात कालवला, आणि डाव्या कोपऱ्यातली चिमूट उचलली. ज्या चिमटीसाठी व्यंकटरावांनी देवाला, वैद्याला, बायकोला हात जोडले होते, नदीच्या वाटेवर ते रांगले होते, नोकरी आणि पंगत दोन्ही घालवून बसले होते, ती चिमूट त्यांच्यासमोर बोटांत धरलेली होती. व्यंकटरावांनी झटकन पुढे होऊन बायकोचं मनगट धरलं.

"आज नको गं," ते म्हणाले. "आजचा दिस तरी किशनला राहू दे. उद्या खा."

मंजुळाबाईंनी दुसऱ्या हातानं त्यांची बोटं एकेक करून सोडवली, मीठ भातावर टाकलं, कालवलं, आणि जेवू लागल्या.